चित्रातली परीकथा माणसांनी गायची तेव्हा: वाचकांचे प्रश्न

जुन्या ॲनिमेशनपटांवरून माणसं घेऊन केलेले नवे संगीतपट, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं एकाच जोडीभोवती फिरतात: डिस्नीचा 'ब्यूटी अँड द बीस्ट', १९९१चा चित्रांचा आणि २०१७चा माणसांचा. गोष्ट थोडक्यात अशी: शापानं पशू झालेला राजपुत्र, वस्तू झालेले त्याचे नोकर आणि त्याच्या वाड्यात येऊन पडलेली गावातली मुलगी. म्हणून उत्तरंही मुख्यतः त्याच जोडीच्या आधारानं दिली आहेत. काही प्रश्न स्वतः करून बघू इच्छिणाऱ्यांचे आहेत. त्यांना जास्त जागा दिली आहे.

जुना चित्रपट ८४ मिनिटांचा, नवा १२९ मिनिटांचा. गोष्ट तीच, गाणीही बरीचशी तीच. मग ही ४५ मिनिटं आली कुठून? ती लागतच होती का? (नाशिक)

थोडी लागत होती, थोडी लागत नव्हती.

लागत होती ती अशी. चित्रातल्या माणसाला वजन नसतं आणि श्वासही घ्यावा लागत नाही. चित्रकाराला हवं असेल तर मुलगी आठ फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या एक तृतीयांशात, जिना उतरते आणि आपल्याला काही खटकत नाही. खरी नटी तोच जिना उतरायला चार-पाच सेकंद घेते. वळायला, थांबायला, समोरच्याचं बोलणं ऐकून चेहऱ्यावर काही उमटायला तिला वेळ लागतो. हा वेळ कापला तर ती घाईत आहे असं दिसतं. दृश्यागणिक अशी काही सेकंदं साठत जातात.

दुसरा भाग कथेचा. चित्रातली मुलगी पहिल्या गाण्यात पुस्तक हातात घेऊन गावातून चालत गेली की ती कोण हे आपल्याला पुरेसं कळतं. तीच मुलगी हाडामांसाची झाली की मनात प्रश्न येतात. आई कुठे आहे? हे दोघं या गावात का राहतात? शापाबद्दल गावकऱ्यांना काहीच कसं आठवत नाही? २०१७च्या चित्रपटानं या प्रश्नांना उत्तरं दिली. पॅरिसमधली आई, तिला झालेला प्लेग, शाप देणाऱ्या बाईचा गावातला वावर, हे सगळं त्यासाठीच आलं. आमच्या मते यातलं आईचं प्रकरण जड झालं आहे. परीकथेत आई नसण्याला कारण लागत नाही. आपण ते लहानपणापासून स्वीकारलेलं असतं.

तिसरा भाग गाण्यांचा, आणि तो सगळ्यात शिकण्यासारखा आहे. १९९४ साली ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, याच कथेचं नाटक आलं. मूळ गीतकार हॉवर्ड ॲशमन मार्च १९९१मध्ये, चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, गेले होते. म्हणून नाटकासाठी संगीतकार ॲलन मेंकन यांच्याबरोबर टिम राइस यांनी नवी गीतं लिहिली. नाटकात पशूला एक मोठं एकट्याचं गाणं आहे. तो मुलीवर ओरडतो, ती पळून जाते आणि तो उद्ध्वस्त होऊन गातो. त्यावर मध्यंतराचा पडदा पडतो. चित्रपटाला असा पडदा नसतो. तिथे ते गाणं ठेवलं असतं तर कथा ऐन वेगात असताना थांबली असती. म्हणून ते काढून पशूला नवं गाणं दिलं, 'एव्हरमोर', आणि जागाही बदलली. आता तो गातो ते मुलीला स्वतःहून सोडून दिल्यावर. गाण्याची जागा अशी ठरते: पात्र पुन्हा पहिल्यासारखं होऊ शकणार नाही अशा क्षणी. जो कोणी जुन्या कलाकृतीत नवं गाणं घालणार आहे, त्यानं चाल लावण्याआधी ही जागा शोधावी.

मुलीशी लग्न करू पाहणारा गर्विष्ठ शिकारी गॅस्टन, त्याच्या दारूच्या गुत्त्यातल्या गाण्यात ॲशमन यांनी लिहिलेल्या, पण १९९१मध्ये न वापरलेल्या ओळी २०१७मध्ये परत घेतल्या, हेही इथे सांगायला हवं. ती भर गाण्याला शोभते, कारण ती त्याच हातची आहे.

मेणबत्तीदान आणि घड्याळ जुन्या चित्रपटात किती गोड होते. नव्यात त्यांच्याकडे बघून तसं प्रेम का येत नाही? (कोल्हापूर)

चेहऱ्यातल्या फरकामुळे. १९९१च्या मेणबत्तीच्या वरच्या टोकाला पांढऱ्या मेणाचा चेहरा होता. मोठे डोळे, मोठं तोंड, गाल ताणले जात, भुवया हवेत जात. रेषेनं काढलेली वस्तू मऊ झाली तरी आपण हरकत घेत नाही. २०१७मध्ये फ्रेमस्टोर या कंपनीनं त्याच पात्राला खऱ्या सोनेरी धातूचं केलं. धातू म्हटला की तो ताणला जायला नको, नाहीतर रबर वाटतो. मग भाव दाखवायला उरतं काय? मान, हात, चाल आणि ज्योत. त्यांनी पात्राला पाय देऊन नाचायला लावलं ते याच कारणानं. पण एवढ्याशा चेहऱ्यावर बारीक कोरीव काम असलं की दुरून डोळेच सापडत नाहीत.

बाहुल्या किंवा वस्तू घेऊन काम करणाऱ्यांनी एक कसोटी लावावी. वस्तूचा फोटो काढून तो टपाल तिकिटाएवढा करायचा. त्या आकारात डोळे कुठे आहेत हे लगेच कळलं नाही, तर पडद्यावर भाव पोचणार नाहीत. मग कोरीव काम कमी करा, डोळ्यांभोवतीचा भाग गडद ठेवा, डोळ्यांत एक चमकता ठिपका ठेवा.

पशू हा मेकअप होता की संगणक? (डोंबिवली)

अंगाला मेकअप नव्हता आणि चेहराही संगणकावरचा, पण आतला माणूस खरा. पशूचं काम करणाऱ्या डॅन स्टीव्हन्स यांनी सेटवर फुगवलेल्या स्नायूंचा जाड पोशाख आणि त्यावर राखाडी कपडा घालून, सुमारे १० इंच उंचीच्या स्टिल्ट्सवर, म्हणजे पायांना बांधायच्या उंच आधारांवर, उभं राहून काम केलं. नाचही त्याच स्टिल्ट्सवर. त्यामुळे नटीची मान योग्य उंचीला वर गेली, हात खऱ्या खांद्यावर टेकला, समोर खरं वजन हललं. चेहऱ्याचं काम नंतर वेगळं झालं. चेहऱ्याला अतिनील प्रकाशात चमकणारा रंग लावून, अनेक कॅमेऱ्यांच्या घेऱ्यात बसून त्यांनी तेच संवाद आणि गाणी पुन्हा केली. डिजिटल डोमेन या कंपनीनं ते दोन्ही तुकडे पशूच्या शरीरावर बसवले.

यात चुकतं ते नेमकं इथे: शरीर एका दिवशी गातं आणि चेहरा दुसऱ्या दिवशी. वरच्या सुराला छाती भरते, गळ्याच्या शिरा ताणतात, हनुवटी किंचित वर जाते. हे तिन्ही एकाच वेळी घडायला हवं. चेहऱ्याच्या दिवशी नट खुर्चीत आरामात बसून गात असेल तर तोंड बरोबर उघडतं, पण खालची छाती वेगळीच काही सांगते. म्हणून असं काम दोन टप्प्यांत करताना दुसऱ्या टप्प्यातही नटाला पूर्ण आवाजात, उभं राहून गायला लावणं बरं.

आमचा कॉलेजचा गट परीकथेवर आठ मिनिटांचा संगीतपट करतोय. गाण्याचं चित्रीकरण प्लेबॅकवर करणार आहोत. मागच्या वेळी ओठ जुळलेच नाहीत. नेमकं काय करायचं? (पुणे)

ओठ न जुळण्याची कारणं चार-पाचच आहेत. एकेक करून बघा.

पहिलं म्हणजे स्पीकर. ब्लूटूथ स्पीकर वापरला असेल तर चूक तिथेच आहे. ब्लूटूथमधून आवाज साधारण १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो, कधी त्याहून जास्त, आणि हा उशीर दर वेळी सारखा नसतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम ४१.७ मिलिसेकंदांची. म्हणजे दोन ते पाच फ्रेमचा घोळ. तारेनं जोडलेला स्पीकरच वापरा.

दुसरं, अंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेममध्ये साधारण १४ मीटर. मैदानावर नाचणारे स्पीकरपासून ३० मीटरवर असतील तर ते दोन फ्रेम मागे नाचतात. पुढची रांग आणि मागची रांग लयीत नाही असं दिसलं की मुलांना रागावू नका, स्पीकर मध्ये आणा.

तिसरं, फ्रेमचा वेग. कॅमेरा २४वर आणि संकलनाचा प्रकल्प २३.९७६वर असेल आणि सॉफ्टवेअरनं फ्रेमला फ्रेम बसवली, तर तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी चित्र चार फ्रेमहून जास्त मागे पडतं. सुरुवात जुळते, शेवट जुळत नाही, अशी तक्रार असेल तर हेच कारण. मोबाइलवर चित्रीकरण करत असाल तर आणखी जपा. बरेच फोन स्वतःच्या मर्जीनं वेग कमी-जास्त करतात. वेग पक्का बांधून ठेवणारं ॲप वापरा.

चौथं कारण तांत्रिक नाही. नट पुटपुटतो. प्लेबॅक वाजतोय म्हणून तो नुसते ओठ हलवतो आणि पोट, मान, जबडा काहीच काम करत नाही. ओठ फ्रेमला फ्रेम जुळले तरी ते खोटं दिसतं. नटाला पूर्ण आवाजात गायला सांगा. बेसूर गायला तरी चालेल, तो आवाज कोणी ऐकणार नाही. श्वासाच्या जागाही ध्वनिमुद्रणात असतील तिथेच घ्यायला लावा. त्यासाठी गीताचा कागद छापताना श्वासाच्या जागी उभी रेघ मारून द्या.

आता पद्धत. गाणं ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवा, एमपी३ नको. प्रत्येक तुकड्याआधी दोन आवर्तनांचा ठोका घाला म्हणजे नटाला लय पकडायला वेळ मिळतो. पहिल्या ठोक्यावर एक तीव्र 'टीं' असू द्या, तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर मुद्रित होईल आणि संकलनाच्या टेबलावर जुळवायला कामी येईल. कडव्याच्या शेवटी लगेच 'कट' म्हणू नका. पुढची अर्धी ओळ जाऊ द्या, संकलकाला सांधा मारायला तेवढं लागतं.

लय ठरवताना एक जुना हिशेब उपयोगी पडतो. १४४० भागिले मिनिटाचे ठोके, म्हणजे एका ठोक्याच्या फ्रेम. ९० ठोक्यांना १६ फ्रेम, ९६ला १५, १२०ला १२. ॲनिमेशनवाले गाणं आधी मुद्रित करून, अशा मोजणीनं कागदावर प्रत्येक ठोक्याची चित्रं ठरवत. तुम्हालाही पूर्ण आकडा येईल अशी लय निवडता आली तर संकलन सोपं जातं. ९४ ठोके घेतलेत तर १५.३ फ्रेम येतात आणि काप ठोक्यावर कधी अलीकडे, कधी पलीकडे पडतात. मात्र गायिकेला ९४वरच गाणं सुचत असेल तर ९४च ठेवा.

मंद गतीतलं दृश्य हवं आणि ओठही जुळायला हवेत, तर कॅमेरा ४८ फ्रेमवर आणि गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. नटाला दुप्पट वेगानं गावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी तालीम हवीच. गाणं वेगवान करताना पट्टी तशीच राहील अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरा. नाहीतर किनरा आवाज ऐकून नट हसतात आणि दिवस जातो.

नव्या चित्रपटांत नटनटी स्वतः गातात म्हणे. मग आवाज इतका गुळगुळीत, यंत्रातून काढल्यासारखा का येतो? (मिरज)

आपल्याकडे पडद्यावर एक आणि गळा दुसऱ्याचा ही पद्धत रुळलेली आहे. संगीत नाटकात मात्र नटाला स्वतःच गावं लागे. हॉलिवूडच्या आजच्या संगीतपटांत नट स्वतः गातो अशी अपेक्षा असते, आणि सगळे नट तयारीचे गायक नसतात. मग दोन उपाय होतात. पहिला, पट्टी उतरवायची. हा उपाय चांगला, पण चाल जिथे उंच जाऊन चमकायची तिथे ती दबते, हे आधी तपासावं लागतं. दुसरा, सूर संगणकानं सरळ करायचा.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती किती झटपट व्हावी याचं एक बटण असतं. ते फार जलद ठेवलं की एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जी मींड असते तीच कापली जाते आणि आवाज पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. लांब स्वरावरचा कंप सपाट होतो. शिवाय एक ओळ वीस वेळा गाऊन घेऊन त्यातले बरे शब्द जोडतात आणि मधले श्वास पुसतात. श्वास पुसलेला आवाज चित्रातल्या मुलीला चालून जातो. समोर खरी मुलगी असेल तर कान लगेच बिचकतो. घरी करत असाल तर श्वास ठेवा, मींड ठेवा, फक्त लांब थांबलेला स्वर पडत असेल तेवढाच उचला.

'ले मिझराब्ल'च्या २०१२च्या चित्रपटात याच्या उलट केलं. नट सेटवर प्रत्यक्ष गायले. कानातल्या छोट्या यंत्रात पियानो वाजत होता आणि वाद्यवृंद नंतर त्यांच्या लयीवर बसवला. रडता रडता गाण्याला ते फार शोभतं. पन्नास माणसं एका ठेक्यावर नाचत असतील तिथे ते जमत नाही.

पिवळ्या घेरदार पोशाखाबद्दल सविस्तर सांगा. आमच्याकडे कापड आहे, शिवणारे आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तसा करायचा आहे. (इचलकरंजी)

२०१७चा पोशाख वेशभूषाकार जॅकलिन डुरान यांचा. हलक्या सॅटिन ऑर्गन्झाचे एकावर एक थर, सुमारे १८० फूट कापड, वर सोनेरी वर्खाची नक्षी आणि २१६० स्फटिक. आत कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळणारी घट्ट चोळी, नाही. मुलीचं काम करणाऱ्या एमा वॉटसन यांना धावणारी, घोड्यावर बसणारी मुलगी हवी होती. चित्रातल्या पोशाखाला जाड, मोठ्या झालरी होत्या. तसं कापड खऱ्या अंगावर पडद्यासारखं लोंबतं. म्हणून जाडी काढून थर वाढवले, म्हणजे गिरकी घेतली की ते वेगवेगळे उचलले जातात.

तुमच्यासाठी हिशेब असा. कंबर २६ इंच धरली तर आतल्या वर्तुळाची त्रिज्या २६ भागिले ६.२८, म्हणजे ४.१ इंच. घागऱ्याची लांबी ४२ धरली तर बाहेरची त्रिज्या ४६ आणि खालचा घेर साधारण २९० इंच, सव्वासात मीटरपेक्षा जास्त. हे अख्खं वर्तुळ ४४ इंच पन्ह्यात बसत नाही. आठ कळ्या करा. प्रत्येक कळी वर सव्वातीन इंच, खाली ३६ इंच. कळीची उंची पन्ह्याच्या आडव्या दिशेनं मांडा, ४२ इंच जेमतेम बसतात. एक सुलट, एक उलट अशी मांडणी केली की एका थराला ५ मीटर कापड पुरतं. तीन थर म्हणजे १५ मीटर. वरचे दोन ऑर्गन्झा, खालचा अस्तराचा जरा वजनदार.

इथे नेहमी होणारी चूक: शिवून झाल्याबरोबर खालची दुमड घालणं. कळीच्या कडा तिरक्या कापल्या जातात आणि तिरकं कापड स्वतःच्या वजनानं लांबतं. पोशाख हँगरला किमान २४ तास, जमल्यास ४८ तास टांगून ठेवा. मग मुलीला कार्यक्रमाचे बूट घालून स्टुलावर उभं करा आणि जमिनीपासून मोजत खालची रेघ आखा. नाचायचं असेल तर जमिनीपासून दीड इंच वर. ऑर्गन्झाला चपटी दुमड घालू नका, बारीक गोल पिको करा, नाहीतर खालची कड पुठ्ठ्यासारखी उभी राहते.

रंगाची चाचणी दिव्याखाली करा, दुकानात नाही. पिवळा रंग तांबूस दिव्यात केशरी होतो आणि निळ्या 'चांदण्यात' हिरवट. मागचा पडदाही सोनेरी असेल तर मुलगी त्यात हरवते, मागे गडद निळा ठेवा. आणि रंगमंचावर खऱ्या मेणबत्त्या अजिबात नकोत. कृत्रिम धाग्याचा ऑर्गन्झा झटकन पेट घेतो आणि वितळून कातडीला चिकटतो.

आमच्या मराठी मंडळातली मुलं शीर्षकगीत मराठीत म्हणू इच्छितात, मागे चित्रपटाचं दृश्य लावून. शब्द बसतच नाहीत. (न्यू जर्सी)

आधी अर्थ बाजूला ठेवा आणि तोंड बघा. इंग्रजी शीर्षकाची पाच अक्षरं गायली जातात: ब्यू-टी-अँड-द-बीस्ट. ओठ मिटतात पहिल्या आणि पाचव्या अक्षराला. शेवटचा स्वर दीर्घ 'ई', त्यावर थांबायचं. म्हणजे मराठीत पाच उच्चार हवेत, पहिला आणि पाचवा प-फ-ब-भ-म यांतला, आणि शेवटी 'ई'. उदाहरणादाखल: 'पाहिली ती प्रीत'. पा-हि-ली-ती-प्रीत. ओठ बरोबर जागी मिटतात, 'प्री'वर लांब थांबता येतं, आणि शेवटचा 'त' इंग्रजी 'स्ट'च्या जागी पडतो. 'ती'च्या जागी 'मी' घातलं तर अर्थ अधिक आपुलकीचा होतो, पण ओठ चौथ्या अक्षराला उगीच मिटतात.

दुसरी अडचण आपल्या क्रियापदांची. इंग्रजी ओळ बऱ्याचदा एका जोरकस अक्षरावर संपते. मराठी वाक्य 'आहे', 'होते', 'असतो'वर संपतं आणि शेवटचं अक्षर हवेत राहतं. ओळीच्या शेवटी नाम किंवा विशेषण आणा, क्रियापद मध्ये घ्या. कवितेत ते खपतं. उंच, लांब स्वराखाली 'आ' किंवा 'ए' ठेवा. 'इ'-'उ' वर गळा आवळतो, मुलांचा तर फारच. जोडाक्षर द्रुत जागी नको. आणि लघु-गुरू बिघडू देऊ नका. 'फुल' आणि 'फूल' यांतला फरक चालीनं पुसला तर मराठी कान दुखावतो.

या गाण्यात मात्र तुम्हाला बरीच सूट आहे. ते गाते चहाची किटली, आणि पडद्यावर बहुतेक वेळ नाचणारं जोडपं दिसतं. त्यामुळे ओठांचा नियम सुरुवातीला आणि शेवटाला पाळा, मध्ये अर्थाला प्राधान्य द्या.

परवानगीचं विसरू नका. अमेरिकेत या कथेच्या नाट्यरूपाचे, मुलांच्या छोट्या आवृत्तीसकट, प्रयोगहक्क म्युझिक थिएटर इंटरनॅशनलकडून मिळतात. भाषांतराला वेगळी लेखी परवानगी लागते, आणि चित्रपटाचा तुकडा मागे लावायचा हक्क आणखी वेगळा.

परीकथा तर शेकडो वर्षं जुनी. मग शाळेत नाटक करायला कोणाची परवानगी लागते? (रत्नागिरी, शिक्षिका)

कथेला लागत नाही. फ्रान्समध्ये गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी ती १७४०मध्ये लिहिली आणि ल प्रँस द बोमाँ यांनी १७५६मध्ये आटोपशीर केली. त्या कोणाच्याही आहेत. व्यापारी बाप, त्याची मुलं (बोमाँच्या कथेत तीन मुलगे, तीन मुली), मुलीनं मागितलेला गुलाब, पशूचा वाडा, हे सगळं खुशाल घ्या. पण गॅस्टन, पाकळ्या गळत जाणारा गुलाब म्हणजे शापाची मुदत, बोलणारी किटली आणि तिचं पोर, ही स्टुडिओची भर आहे. गाणी तर आहेतच. भारतात लेखक-गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मराठी भाषांतर वापरत असाल तर भाषांतरकाराचा हक्कही तपासा.

शाळेला कायद्यानं एक सवलत आहे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग, आणि प्रेक्षक म्हणजे फक्त शाळेचे लोक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं, एवढं असेल तर कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात त्याला मुभा आहे. तिकीट लावून गावाला बोलावलंत किंवा चित्रफीत यूट्यूबवर टाकलीत की ती मुभा संपते. बोमाँची कथा घेऊन स्वतःची गाणी रचलीत तर हा प्रश्नच येत नाही, आणि मुलांनाही कथेत शिरायला जास्त वाव मिळतो.

'द लिटल मरमेड'मध्ये (२०२३) पाण्याखाली गाणी कशी चित्रित केली? (मालवण)

कोरड्यात. नटांना लोंबत्या आणि झोके घेणाऱ्या यंत्रांवर बांधून, निळ्या पडद्यापुढे. खऱ्या पाण्यात तोंड उघडून गाता येत नाही, डोळे चुरचुरतात, चेहरा फुगतो. शेपटी आणि वाहते केस नंतर संगणकावर. अवघड असतं ते शरीर पाण्याच्या संथपणानं हलवायचं आणि ओठ मात्र गाण्याच्या लयीत. तुम्ही छोट्या प्रमाणात करणार असाल तर कॅमेरा ३० फ्रेमवर आणि गाणं सव्वापट वेगानं वाजवून बघा, दाखवताना २४वर. हालचाल जराशी तरंगते, ओठ जुळतात. पंखा खालून लावा, समोरून लावला की ते वादळ दिसतं.

'द लायन किंग' (२०१९) लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रत्यक्ष चित्रित केलेला, आहे का? (अकोला)

नाही. एक शॉट सोडला तर सगळं संगणकावर केलेलं ॲनिमेशनच आहे, खऱ्यासारखं दिसणारं.

शीर्षकगीतावर आम्ही वॉल्ट्झ बसवतोय. पावलं सारखी चुकतात. मुली म्हणतात गाणंच चुकीचं आहे. (फोंडा, गोवा)

मुली बरोबर सांगताहेत. वॉल्ट्झ हा जोडीनं करायचा नाच तीन मात्रांचा, हे गाणं चार मात्रांचं. तीनची पावलं चारवर टाकली की जोराचं पाऊल दर वेळी एका मात्रेनं सरकतं आणि १२ मात्रांनीच पुन्हा समेवर येतं. चित्रात हे खपलं. १९९१मध्ये संगणकानं उभ्या केलेल्या दिवाणखान्यातून कॅमेरा फिरत होता आणि हातानं काढलेलं जोडपं त्याबरोबर तरंगत होतं. त्यांची पावलं कोणी मोजली नाहीत. तुमच्या मुलींच्या टाचांचा आवाज सभागृहात ऐकू येणार.

दोन वाटा आहेत. सोपी वाट: स्लो फॉक्सट्रॉट या दुसऱ्या जोडीच्या नाचाची पावलं घ्या, 'संथ' दोन मात्रा, 'जलद-जलद' एकेक. चार मात्रांत नीट बसतं आणि दिसायलाही तरंगतं. दुसरी वाट वॉल्ट्झच हवा असेल तर: वादकांना प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायला सांगा, म्हणजे एका मात्रेत एक-दोन-तीन. त्यासाठी गाणं बरंच सावकाश घ्यावं लागतं. मिनिटाला ३० मात्रा ठेवल्यात तर नाचणाऱ्यांना मिनिटाला ९० पावलं मिळतात, आणि तो वेग संथ वॉल्ट्झला बरोबर आहे. मात्र गायिकेला त्या लयीत एका श्वासात ओळ पुरी करता येते का, हे पावलं बसवण्याआधी बघा. येत नसेल तर फॉक्सट्रॉट घ्या.